नाटक संपलं की या

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात दिवाळी सरून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की गावोगावच्या मंडळांची माणसे नाटक ठरवायला वडशाला येतात आणि नाट्यमंडळांच्या कार्यालयांतून तारीख पक्की करून जातात. त्यामुळे नाटक म्हटले की माझ्यासमोर धान निघालेली बांधी, कापडी मंडप, ऑर्गनचे सूर आणि रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत रंगणारा प्रयोगच उभा राहतो. भाच्याकडे मुंबईला जायचे ठरले तेव्हा दादरला एक तरी नाटक पाहायचे, हे आम्ही दोघांनी गोंदियाला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसतानाच ठरवून टाकले होते.

दादर स्थानकात पूर्वी मध्य आणि पश्चिम रेल्वेचे फलाट वेगवेगळे मोजले जात आणि नवखा माणूस हमखास चुके. डिसेंबर २०२३ पासून एक ते चौदा असे सलग क्रमांक झाले आहेत, तरी पश्चिमेला उतरणारा पूल विचारावाच लागला. खाली आल्यावर रानडे रस्त्याच्या बाजूने जो बाजार सुरू होतो तो संपता संपत नाही. साड्या, परकर, पितळेची भांडी, पूजेचे साहित्य, केसांच्या पिना, आणि या सगळ्यांतून माणसे अशी वाट काढतात, जणू प्रत्येकाची गाडी सुटायला दोनच मिनिटे उरली आहेत.

शिवाजी मंदिर मी मोकळ्या पटांगणात शोधत होतो. १९६५ पासून मराठी नाटकांचे माहेरघर म्हणून ज्याचे नाव ऐकले, ते प्लाझा सिनेमासमोर, खाली दुकाने आणि वर नाट्यगृह असे निघाले. आमच्याकडे ज्या गावात नाटक असते तिथे बाजार चालत येतो. भज्यांच्या कढया लागतात, चहाची दुकाने थाटली जातात, घरोघरी पाहुणे उतरतात आणि त्या गर्दीत एखादी सोयरीकही जुळून जाते. दादरला मात्र नाटकच बाजारात राहायला आलेले आहे. माणूस भाजी घ्यायला निघतो आणि जाता जाता खिडकीवर शनिवारचे तिकीटही काढून ठेवतो.

चारच्या प्रयोगाला तासभर होता म्हणून पत्नी एका साडीच्या दुकानात शिरली. कुठून आलात, असे दुकानदाराने विचारले. मी वडसा म्हणालो. त्यांनी "वसई का?" म्हणून मान डोलावली आणि गडचिरोली जिल्हा समजावून सांगेपर्यंत पावणेचार वाजले. हिरव्या काठाच्या साडीचा पदर हिच्या हातातच होता, भाव ठरायचा होता. "राहू द्या वहिनी, आधी नाटक बघा, संपलं की या," असे म्हणत त्यांनी ती साडी घडी न मोडता गल्ल्यामागे ठेवून दिली.

तिसरी घंटा झाली आणि पडदा वेळेवर उघडला, याचेच मला अप्रूप वाटले. शेजारच्या बाईंनी मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता तुमच्याकडे नाटके होतात का, असे सहज विचारले. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना आमच्याकडच्या याच नाटकांसाठी, म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीसाठी, पद्मश्री मिळाली, हे मी जरा जास्तच जोरात सांगितले असावे, कारण पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिले. प्रयोग बांधेसूद होता, नट उत्तम होते. पण गाणी नाहीत, लावणी नाही, मध्येच उठून चहा पिऊन येण्याची सोय नाही. सातच्या आत पडदा पडल्यावर लोक भराभर जिन्याकडे निघाले, तेव्हा पत्नी बसल्या जागेवरून म्हणाली, "सरला का जी नाटक?"

जवळच छबिलदास शाळा आहे, जिच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून प्रायोगिक नाटके केली. शिक्षक असल्यामुळे ती शाळा एकदा बाहेरून तरी पाहावी असे मला फार वाटत होते, पण पत्नी एव्हाना साडीच्या दुकानाकडे वळली होती. दुकानदाराने आम्हाला पाहताच गल्ल्यामागची साडी काढली आणि घड्याळाकडे पाहून म्हणाले, "आज दहा मिनिटं उशिरा सुटलं वाटतं."