येड्या प्रश्नांची खरी उत्तरं

रविवारी सकाळी नाशकात गंगापूर रोडला मिसळ खायला आमची जी टोळी जमते तिच्यातला प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या प्रकारे कॉम्प्युटरच्या नादी लागलेला आहे. एकजण सातपूरला सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम करतो, एकाचं रिपेअरिंगचं दुकान, एक नेटवर्कवाला, एक लिनक्सवाला (विंडोजऐवजी वापरतात ती सिस्टम) ज्याच्याशी क्रिकेटवर बोलायला गेलं तरी गाडी लिनक्सवरच येऊन थांबते, आणि मी. मिसळ येईपर्यंत आमचा खेळ चालतो. आठवडाभरात कोणी आपल्याला विचारलेला सगळ्यात येडा प्रश्न सांगायचा आणि त्याला आपण काय उत्तर दिलं ते सांगायचं, ज्याचं उत्तर भारी त्याची प्लेट बाकीच्यांकडून. नियम एकच पण कडक: उत्तर ऐकून हसू आलं पाहिजे आणि ते शंभर टक्के खरंही असलं पाहिजे. फेकाफेक केली की सगळ्या टेबलाचं बिल त्याच्यावर.

हा नियम उगाच नाही आलेला. विंडोज एक्सपीच्या जमान्यात फर्स्ट इयरच्या एका पोराने सीनियर्सना विचारलं होतं की कॉम्प्युटर स्लो झालाय काय करू, आणि एका महाभागाने गंभीर चेहरा करून सांगितलं की सी ड्राइव्हमध्ये सिस्टम३२ नावाचं फोल्डर आहे ते नुसता कचरा असतो, उडव. खरं तर विंडोजचा जीवच त्यात असतो. पोराने इमानदारीत बसून जे जे उडत होतं ते उडवलं, पुढे मशीन सुरूच होईना आणि फॉरमॅट मारताना सगळा प्रोजेक्ट गेला. लिनक्सवाल्यांकडे ह्याचंच भावंड आहे, आरएम मायनस आरएफ, न विचारता फायली उडवणारी कमांड, नवख्याला टाईप करायला सांगायचं आणि लांबून मजा बघायची. मला ह्यात विनोद कुठे आहे ते आजतागायत कळलेलं नाही. समोरच्याला माहिती नाही म्हणून तर तो विचारतोय ना भाऊ, त्याला खड्ड्यात ढकलून हसायला कसली अक्कल लागते. खरं सांगून हसवणं अवघड, ते करून दाखवा.

उदाहरणार्थ चपला. शाळेत कॉम्प्युटर लॅबच्या बाहेर चपला-बूट काढायला लावायचे आणि आत एसी, त्यामुळे पूर्ण बॅचचा असा समज होता की व्हायरस पायातून येतो. दुकानवाल्याला परवा एका मॅडमनी खरंच विचारलं की आमच्या लॅबमध्ये व्हायरस फार झालेत, मुलांना मोजेपण काढायला लावू का? तो म्हणाला, मॅडम उलटं करा, चपला घालून येऊ द्या आणि पेनड्राइव्ह बाहेर काढून ठेवायला सांगा. टेबलावर टाळ्या! कारण शब्द न् शब्द खरा. चपला काढायच्या त्या धुळीसाठी, धूळ पंख्यात आणि हीटसिंकवर बसली की मशीन तापतं, आणि फ्लॉपीच्या काळात तर धूळ म्हणजे दुश्मनच. व्हायरस बिचारा पेनड्राइव्हमधून यायचा, लावला की ऑटोरनने आपोआप चालू. मायक्रोसॉफ्टने एक्सपीवाल्यांसाठी हे ऑटोरन अपडेटमधून बंद केलं ते २०११ साली, तोपर्यंत गावभर फिरून झालं होतं.

तो सी-ओ-एन नावाच्या फोल्डरचा मेसेज आठवतो का? कोणा भारतीयाने शोध लावला की कॉम्प्युटरवर 'कॉन' नावाचं फोल्डर बनतच नाही, आणि बिल गेट्ससकट अख्ख्या मायक्रोसॉफ्टला ह्याचं उत्तर माहिती नाही! आधी ईमेलमधून फिरला, मग एसेमेसमधून, आता व्हॉट्सॅपवर दर वर्षी नव्याने उगवतो, आणि दर वेळी माझे एक काका मला तो पाठवून खाली लिहितात, बघ आपल्या लोकांचं डोकं. तर एकदा हा प्रश्न टेबलावर आला तेव्हा सीएनसीवाला एका वाक्यात जिंकला. म्हणाला, फोल्डर कसं होईल, त्या नावाचा सातबारा कीबोर्ड आणि स्क्रीनच्या नावावर आहे.

आता खरी गोष्ट अशी की डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मायक्रोसॉफ्टच्या सिस्टममध्ये, कॉन म्हणजे कन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीन मिळून. 'कॉपी कॉन' असं लिहून पुढे फाईलचं नाव दिलं की तुम्ही जे टाईप कराल ते थेट त्या फाईलमध्ये जायचं, आमच्या क्लासच्या सरांनी आम्हाला पहिली फाईल अशीच करायला लावली होती. प्रिंटरला पीआरएन, शिवाय एयूएक्स, एनयूएल, कॉम१, एलपीटी१, ही सगळी नावं अशीच राखीव. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता, तो आला १९८३ ला डॉस २.० मध्ये, तोपर्यंत लोकांचे प्रोग्रॅम ह्या नावांवर चालत होते, मग ती तोडणार कशी, म्हणून कुठल्याही फोल्डरमध्ये गेलात तरी ती नावं राखीवच राहिली आणि विंडोजने तो वारसा पुढे चालवला. म्हणजे बिल गेट्सला उत्तर नक्कीच माहितीये, त्याच्याच घरचं आहे ते. काकांना मी एवढं सगळं लिहून पाठवलं, त्यांनी अंगठा दाखवला आणि पुढच्या वर्षी मेसेज परत आला.

डेस्कटॉपवर राईट क्लिक करून रिफ्रेश मारल्याने पीसी फास्ट होतो का, हा प्रश्न आम्ही आता खेळात घेतच नाही. होत नाही, फक्त आयकॉन परत काढले जातात. तरी आम्ही पाचही जण मारतो, दुकानवाला तर गिऱ्हाईकासमोर मारतो आणि वर हुं करून मान हलवतो.

माझी स्वतःची प्लेट ज्याच्यावर निघाली तो प्रश्न लासलगावच्या मामांचा, कांद्याचे व्यापारी. एक टीबीची हार्ड डिस्क घेतली, लावली, विंडोजमध्ये दिसली ९३१ जीबी. मामांचा फोन: दुकानदाराने एकोणसत्तर जीबी मारले, बिल आहे माझ्याकडे, जाऊन भांडू का? मी म्हटलं मामा, माल पूर्ण आलाय, फक्त विकणाऱ्याचा किलो हजाराचा आहे आणि तुमच्या विंडोजचा एक हजार चोवीसचा. डिस्क बनवणारा एक टीबी म्हणजे सरळ एकावर बारा शून्य बाइट मोजतो, विंडोज त्याच आकड्याला तीनदा १०२४ ने भागून वर जीबी लिहितं, म्हणून ९३१. मामा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, म्हणजे जवळपास सात टक्के घट, आणि ती पण न सुकवता? भारी धंदा आहे रे!

तसं बघायला गेलं तर येड्या प्रश्नांची परंपरा कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे. आकडेमोडीचं मशीन बनवायला निघालेल्या इंग्रज चार्ल्स बॅबेजने आपल्या आत्मचरित्रात १८६४ साली लिहून ठेवलंय की त्याला पार्लमेंटच्या लोकांनी दोनदा विचारलं, मशीनमध्ये चुकीचे आकडे घातले तर बरोबर उत्तर येईल का? आणि असा प्रश्न पडायला डोक्यात नेमका कसला गोंधळ लागतो हेच बॅबेजच्या डोक्यात शिरेना. आमच्या टेबलाच्या मते बॅबेज इथे हरला, कारण त्याने हसवलंही नाही आणि उत्तरही दिलं नाही. नेटवर्कवाला म्हणाला मी असतो तर सांगितलं असतं, साहेब उत्तर चुकीचंच येईल पण येईल एकदम झटपट आणि नीटनेटकं छापून. बॅबेज खरंच मशीनला छपाई जोडणार होता, म्हणून हे उत्तर पास केलं.

पण आजवरची सगळ्यात भारी प्लेट कबुतरांवर गेली. नेटवर्कवाल्याचा भाचा गोदाघाटावर कबुतरांना दाणे टाकता टाकता विचारतो, मामा नेट गेल्यावर कबुतराने नेट पाठवता येईल का? आणि हा म्हणतो, येईल की, स्टँडर्ड आहे त्याचं, आरएफसी ११४९. आम्ही म्हटलं फेकतोय, काढा बिल! पण नाही. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले कागद, आणि १ एप्रिल १९९० ला डेव्हिड वेट्झमनने हा खरंच लिहिलाय, इंटरनेटचे पॅकेट म्हणजे माहितीचे तुकडे कागदावर छापून कबुतराच्या पायाला गुंडाळायचे वगैरे, सगळं सरकारी जीआरच्या थाटात. एप्रिल फूलचीच गंमत, पण २००१ साली नॉर्वेत बर्गनच्या लिनक्सवाल्या मंडळींनी ती करून पाहिली. नऊ पॅकेट सोडले, चारांचं उत्तर आलं, सगळ्यात जलद उत्तराला साधारण त्रेपन्न मिनिटं आणि सगळ्यात उशिराच्याला पावणेदोन तासाच्या आसपास. आमचा लिनक्सवाला इतका भावुक झाला की त्याने रस्सा घ्यायचाच सोडला. ह्याच खानदानातला ४१८ हा एरर, १९९८ च्या एक एप्रिलचा: कॉफी करायला सांगितली तर चहाची किटली उत्तर देते की मी किटली आहे. इतकी वर्षं झाली, २०२२ च्या एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइटने एकमेकांशी कसं बोलायचं त्याच्या, स्टँडर्डमध्येही ४१८ नंबर दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. एवढा मान भल्याभल्यांना मिळत नाही.

हसवून झालं की मात्र खरं कारण सांगायचंच, आणि ते सांगायला गेलं की लक्षात येतं की प्रश्न येडा नव्हताच. इंदिरानगरच्या मावशीचंच घ्या. तिने लग्नातले सगळे फोटो क्लाउडवर टाकलेत, आणि मला विचारलं, पावसाळ्यात काही होणार नाही ना रे त्यांना? मी हसून सोडून देणार होतो, मग आठवलं की २०१२ च्या जूनअखेरीस अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये वादळ झालं, वीज गेली आणि ॲमेझॉनचं डेटा सेंटर, म्हणजे क्लाउड खरा जिथे राहतो ते कॉम्प्युटरांचं गोदाम, अडकलं, इन्स्टाग्राम आणि नेटफ्लिक्स बंद पडले होते. तर सांगितलं, मावशी, फोटो भिजत नाहीत पण जोराच्या वादळात क्लाउड थोडा वेळ बंद पडू शकतो.

"मग उन्हाळ्यात टाकते परत."

म्हटलं उन्हाळ्यात पण भरोसा नाही, २०२२ च्या जुलैत लंडनला पारा चाळिसावर गेला तर गूगल आणि ओरॅकलच्या तिकडच्या डेटा सेंटरचं कूलिंग बसलं होतं.

मावशी म्हणाली, "एवढं नाजूक आहे तर दिवाळीनंतरच बघू. आणि तोवर त्या वायरमनला सांग, माझ्या फोनमधले उडवू नको म्हणावं."

वायरमन म्हणजे मी.