शिंपला मेला नाही, म्हणजे नदी ठीक आहे असं नाही

गोड्या पाण्यातला शिंपला दिवसभर पाणी गाळतो, त्यामुळे सांडपाण्यातून आलेली औषधं त्याच्या कल्ल्यांवरून जातातच. पण त्याने तो सहसा मरत नाही. बिघडतं ते वागणं.

फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध घ्या. ते सेरोटोनिन या मज्जासंस्थेतल्या संदेशवाहक रसायनाचा परिणाम वाढवतं, आणि शिंपल्याच्या प्रजननात व पायाच्या हालचालीत सेरोटोनिनचा मोठा वाटा असतो. प्रयोगशाळेत झेब्रा शिंपल्यांना अंडी-शुक्राणू सोडायला लावायचे तर सेरोटोनिनच वापरतात! त्यामुळे या औषधाने, माशांवर वाढणाऱ्या अळ्या (ग्लोकिडिया) असलेल्या जातींची मादी त्या वेळेआधी सोडू शकते. जवळ योग्य मासा नसेल तर त्याच्या कल्ल्यांना चिकटता न आल्याने त्या काही दिवसांतच संपतात.

अळ्यांची चाचणी सोपी आहे. मादीच्या कल्ल्यांत सिरिंजने हळूच पाणी सोडून अळ्या बाहेर काढा आणि औषध असलेल्या व नसलेल्या भांड्यांत ठेवा. मग प्रत्येक भांड्यातल्या ५० ते १०० अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन आधीच मिटलेल्या मोजा, मग मिठाच्या संपृक्त द्रावणाचा थेंब टाका. जिवंत अळी चटकन मिटते. नंतरच्या मिटलेल्यांतून आधीच्या वजा करा आणि एकूण संख्येने भागा. औषध नसलेल्या भांड्यात हा आकडा ९० टक्क्यांखाली गेला तर सगळी चाचणी बाद. आधीच मिटलेल्यांची वजाबाकी विसरणं ही नेहमीची चूक. मिटलेली अळी जिवंत असली तरी माशाला धरू शकत नाही, म्हणजे निरुपयोगीच.

दुसरी चूक: बाटलीवरची मात्रा खरी मानणं. औषध विघटित होतं, काचेला आणि गाळाला चिकटतं. प्रत्यक्ष पाण्यातलंच मोजा.