जाम घाटातलं धुकं आणि माझ्या कॅम्परचे दिवे

महूहून मंडलेश्वरला उतरताना घाटाच्या तोंडाशी 1791 साली अहिल्याबाईंनी बांधलेला जाम दरवाजा लागतो. आमचं शेत त्याच्या अलीकडेच, पण मुख्य रस्ता सोडून बरंच आत. कच्ची वाट, दोन ओढे आणि रात्री केव्हाही आडवी येणारी नीलगाय. इंदूरचं दुकान बंद करून निघालं की पोचायला रात्रच होते. माझी फोर बाय फोर कॅम्पर कुठेही चढते, पण हेडलाइटमधला 60/55 वॉटचा एच4 बल्ब वळणावरची कड दाखवत नाही.

म्हणून मागच्या पावसाळ्यात खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा बघून एक लांबलचक एलईडी बार घेतला आणि टपावर बसवला. त्या आठवड्यात घाटात दाट धुकं होतं. बार लावला आणि समोर पांढरी भिंतच उभी राहिली. बॉनेट लख्ख, रस्ता गायब. शेवटी बार बंद करून मामा हातात टॉर्च घेऊन पुढे चालले आणि मी त्यांच्या मागून पहिल्या गिअरवर गाडी आणली. त्या रात्रीची भीती अजून अंगात आहे.

मामांनी आग्रा-मुंबई रस्त्यावर तीस वर्षं ट्रक चालवला. त्यांनी एकच विचारलं, “अगं, उजेड किती हवाय ते राहू दे. तुला दिसायला काय हवंय?” हे मी दुकानात विचारायला हवं होतं. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघालेला सगळा उजेड. तो कुठे पडतो हे भिंग आणि रिफ्लेक्टर ठरवतात. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, म्हणून लांबवर टाकणाऱ्या दिव्याचा झोत अरुंदच ठेवावा लागतो. तसा झोत सरळ रस्त्यावर कामाचा. वळणावर तो दरीत जातो. मला हवी होती जवळची, दोन्ही बाजूंना पसरलेली जमीन.

मग बंपरवर, खाली, पिवळ्या फॉग लाइटची जोडी ठरवली. पिवळा रंग धुकं भेदतो असं सगळे सांगतात, पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. पिवळ्याचा त्रास डोळ्यांना कमी होतो, मला तरी. खरं काम करते ती खालची जागा आणि झोताची वरची सपाट कड. डोळ्यांच्या पातळीवरून सोडलेला उजेड थेंबांवरून थेट आपल्याकडेच परततो.

सियागंजातल्या दुकानदाराने दोन जोड्या बॅटरीला लावून गोदामाच्या भिंतीवर दाखवल्या. एकीचा उजेड गोल डागासारखा वर चढला होता. दुसरीचा, पट्टीने आखल्यासारखा, एका रेषेखाली थांबला. तीच घेतली. आयपी67 आहे ना, तेही बघून घेतलं, कारण बारच्या काचेत दहा दिवसांत पाणी शिरलं होतं. आयपी67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा दिवा. आमच्या ओढ्याला तेवढं पुरे.

वायरिंगवर मात्र मी अडून बसले. आधीच्या मिस्त्रीने बारची वायर हेडलाइटच्याच वायरीला जोडली होती, तिचं प्लॅस्टिक वितळून चिकट झालं होतं. नवे दिवे 40 वॉटचे दोन, म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे 7 अँपिअर. तेवढा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून न्यायचा नाही. म्हणून रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच: बॅटरीपासून 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची 30 नंबरची पिन, 87 वरून दिवे. स्विच फक्त 86 ला, 85 अर्थला. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवून घेतला, वायर कुठे घासली तरी आग लागू नये म्हणून. हायवेवर ही जोडी बंदच ठेवते. समोरच्याचेही डोळेच आहेत.

पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच धुकं लागलं. हेडलाइट डिपरवर, खाली पिवळी जोडी. दहा-बारा पावलांपुढचं काही दिसत नव्हतं, पण डावीकडची दगडांची कड, तिच्यावरचं ओलं गवत, एकेक पातं स्पष्ट. मामांनी टॉर्च डॅशबोर्डवर ठेवली आणि काच वर केली.