नवतप्यातलं ओव्हरक्लॉकिंग

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो: "ओव्हरक्लॉक केलंय, प्रोसेसर किती डिग्रीपर्यंत चालतो?" ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर, कॉम्प्युटरची मुख्य चिप, कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायची. भाचा विचारतो, भाच्याचे मित्र विचारतात, परवा तर बँकेतल्या पोराने पासबुक छापता छापता विचारलं. सगळ्यांना एक आकडा हवा असतो. मी उलट विचारतो, "खोली किती आहे?" तर उत्तर येतं, "दहा बाय बारा."

मला खोलीचं तापमान हवं असतं. मी नागपूरचा, घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. धंदा लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगचा. म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त लोड कधी, तर मे महिन्यात, लग्नसराईत. पंचवीस मेच्या आसपास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस, लागतो तेव्हा बाहेर ४५ असतं आणि माझ्याकडे तीन लग्नांचं एक्सपोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढणं, बाकी असतं. उष्णतेबद्दल मला जे कळलं ते या कात्रीत सापडून कळलं.

२०११च्या डिसेंबरात मी इंटेलचा आय-फाइव्ह २५००के घेतला. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बोला, म्हणजे लोड आला की आपोआप चढतो तेव्हा, ३.७. नावातल्या त्या 'के'चा अर्थ एवढाच, की बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, वाढवायला मोकळीक. बर्डीच्या बाजारातून एक टॉवर हीटसिंक, म्हणजे चिपवर बसवायचा उभा, धातूच्या पात्यांचा ठोकळा, आणला, व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं आणि साडेचार गिगाहर्ट्झ गाठलं. चिपला पूर्ण लोड देणारा प्राइम९५ हा प्रोग्रॅम तासभर चालवला, चिप ७२ वर थांबली. खोली २० होती. त्या रात्री मी फार खुशीत झोपलो.

मे उजाडला. डिसेंबरात चाळीस मिनिटांत होणारं एक्सपोर्ट तासाच्या वर जायला लागलं. मशीन बंद पडत नव्हतं, काही एरर येत नव्हता, नुसतं रेंगाळत होतं. तापमान बघितलं तर शंभराच्या जरा अलीकडे, आणि वेग साडेचारावरून आपोआप खाली आलेला. प्रोसेसर स्वतःला वाचवत होता. इतकी खटपट करून मी न छेडलेल्या चिपपेक्षाही हळू काम करत होतो!

गणित साधं होतं, पण कोणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरात चिप खोलीपेक्षा ५२ डिग्री वर होती. मेमध्ये खोली ४१. त्यात ५२ मिळवले की झाले ९३. तापलेली चिप त्याच व्होल्टेजला जरा जास्तच वीज गळू देते, त्याचे आणखी एक-दोन डिग्री. उरलेलं धुळीने केलं. हीटसिंक उष्णता मारत नाही, ती फक्त चिपवरून उचलून खोलीत आणून टाकतो. तुमच्या हातात असतं ते चिप आणि खोली यांच्यातलं अंतर. म्हणून "८० चालेल का" याला माझ्याकडे उत्तर नाही. डिसेंबरातले ८० म्हणजे संकट, मे महिन्यातले ८० म्हणजे झकास.

इथे लोक म्हणतात, मग वॉटर कूलिंग घ्या. हा गैरसमज आमच्या भागात जरा जास्तच पक्का आहे, कारण आमच्याकडे कूलर म्हणजे खिडकीतला पाण्याचा कूलर. ४३ची हवा ओल्या ताट्यांमधून आत येते ती तिशीच्या आसपास होऊन. पाणी म्हणजे गारवा, हे आम्ही लहानपणापासून अंगावर घेतलेलं आहे. पण तो गारवा पाण्याचा नसतो, पाणी उडून जाण्याचा असतो. माठ पाझरतो म्हणून गार होतो. स्टीलच्या पिंपातलं पाणी तिथेच शेजारी ठेवा, ते खोलीइतकंच राहतं. प्रोसेसरचा वॉटर कूलर म्हणजे ते स्टीलचं पिंप: बंद नळ्या, बंद रेडिएटर, एक थेंब उडायला जागा नाही. तो उष्णता भराभर वाहून नेतो, मोठ्या रेडिएटरवर पसरतो, अंतर कमी करतो हे खरं. पण खोलीच्या खाली एक डिग्रीही नेणार नाही. टॉवर हीटसिंकच्या तांब्याच्या नळ्यांमध्येसुद्धा चमचाभरही नसेल इतकं पाणी असतं. ते चिपजवळ वाफ होतं, पात्यांकडे जाऊन पुन्हा पाणी होतं, परत येतं. जी उष्णता घेतली तीच वर सोडली. फुकटचा गारवा कुठेच नाही.

मग अंतर कमी कसं करायचं? माझ्या मते सगळ्यात आधी व्होल्टेज. पंखे, पेस्ट, कॅबिनेट ही सगळी नंतरची बात. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. माझाच हिशोब बघा. ३.३ चे ४.५ म्हणजे वेग ३६ टक्के वाढला. १.२ चे १.३५ झाले, त्याचा वर्ग धरून उष्णता वाढली जवळपास ७३ टक्के. त्या मे महिन्यात मी ४.२ वर उतरलो आणि व्होल्टेज १.२२ केलं. वेग गेला सात टक्के, उष्णता गेली पाव हिश्श्याच्या आसपास. खोलीपासूनचं अंतर ५२ वरून चाळिशीवर आलं. शेवटच्या तीनशे मेगाहर्ट्झसाठी मी केवढी किंमत मोजत होतो ते तेव्हा दिसलं. वेग मोजणाऱ्या बेंचमार्कचा स्क्रीनशॉट मित्रांना पाठवायचा असेल तर ते तीनशे ठेवा, तुमची हौस. पण रोज काम करायचं असेल तर मशीन ज्या व्होल्टेजला जेमतेम स्थिर राहतं तिथून एक पायरी वर थांबा. आणि ती परीक्षा मे महिन्यात दुपारी तीन वाजता घ्या, डिसेंबरच्या रात्री नाही.

चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायच्या पेस्टबद्दल लोक उगाच भांडतात. चांगल्या दोन पेस्टमध्ये फरक पडतो तो दोन-तीन डिग्रींचा. लावण्यात चूक झाली तर वीसचा पडतो. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटींतली हवा हुसकून लावायचं. ती स्वतः तांब्यापुढे काहीच नाही. तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवायची, वरून हीटसिंक सरळ दाबायचा, स्क्रू कर्णाने थोडे थोडे आवळायचे. एकाने पोळीला तूप लावावं तशी बोटाने सारवली होती. एका दुकानातून असेंबल करून आलेलं मशीन तर चालू केल्याबरोबर नव्वदीला. मी हीटसिंक काढला तर खालचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जसाच्या तसा, त्यावर 'लावण्यापूर्वी काढा' असं इंग्रजीत छापलेलं, आणि त्या अक्षरांवर पेस्टचा गोल ठसा. आता तो तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, वापरू का, असंही विचारतात. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खाऊन टाकतं आणि वीज वाहतं. हीटसिंकचा तळ कशाचा आहे ते माहीत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता माझा गाढवपणा. २०१२च्या त्याच उन्हाळ्यात मी कॅबिनेटचं झाकण काढून खिडकीतल्या कूलरसमोर ठेवलं होतं. आठवडाभर आकडे सुरेख. मग पुन्हा चढायला लागले. टॉवर काढून बघितला तर पात्यांमध्ये राखाडी नमदा बसलेला, वाकळेच्या आतल्या कापसासारखा. नखाने ओढला तर सलग पट्टीच निघाली. कूलरच्या ओलाव्याने धूळ चिकटून थापली गेली होती, वर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके, आणि सगळ्याला वाळ्याचा वास. प्रोसेसरला वाळ्याचा वास येणारं ते नागपुरातलं एकमेव मशीन असावं. मदरबोर्डवर एखादा थेंब पडला नाही हे नशीब.

कूलर कॉम्प्युटरच्या कामाचा नाही असं मात्र नाही. उलट खूप कामाचा आहे, कारण तो खोली खाली आणतो, आणि चिप खोलीच्या मागोमाग येते. फक्त झोत मशीनवर नको. मशीन लांबच्या कोपऱ्यात, झाकण लावलेलं, पुढून हवा आत, मागून बाहेर, समोरच्या दाराची फट उघडी. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर कूलर चालत नाही हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. कॅबिनेटला तेच लागू आहे हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. समोर काच, आत सात रंगांचे दिवे आणि हवेला बोटभर जागा नाही, अशी कॅबिनेटं लोक हौसेने घेतात. दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारायचा, पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर ते सुसाट फिरून बेअरिंगची वाट लागते. मुंबई-कोकणातल्यांनी यातला कूलरचा भाग सोडून द्यावा. तिथल्या दमट हवेत तो घामच वाढवतो.

नव्या चिपांचं गणित जरा पालटलंय. आता कारखान्यातूनच चिप जवळपास टोकापर्यंत ताणून येते. २०२२ साली आलेल्या रायझन ७००० या प्रोसेसरांच्या मालिकेच्या वेळी एएमडी कंपनीने सांगूनच टाकलं की पूर्ण लोडला या चिपा ९५ वर जातील आणि तसं जाणं अपेक्षितच आहे. कंपनीने आधीच ओव्हरक्लॉकिंग करून दिल्यावर आपण करायचं काय? मी आता उलटं करतो. सध्या माझ्याकडे रायझन ५ ५६००एक्स आहे. बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगमध्ये सगळ्या कोअरना, म्हणजे चिपमधल्या काम करणाऱ्या भागांना, उणे १५ दिलंय, म्हणजे त्याच वेगाला व्होल्टेज कमी. चिप स्वतःच उष्णतेची जागा बघून वेग चढवते, त्यामुळे कमी व्होल्टेजला ती कधी कधी जास्तच पळते. भाच्याला हे पटत नाही. "मामा, हे तर अंडरव्होल्टिंग झालं, यात काय मजा?" त्याच्या खोलीत एसी आहे.

टेबलाच्या कडेला मी एक साधा थर्मामीटर चिकटवलाय आणि शेजारी वही ठेवलीय. दोन रकाने, खोली आणि चिप. या मेमधली एक नोंद: दुपारी ३, एक्सपोर्ट चालू, खोली ३१, चिप ७०. दुसऱ्या दिवसाची: दुपारी ३, तेच एक्सपोर्ट, खोली ४१, चिप ८१. समोर बायकोच्या अक्षरात लिहिलंय, "टाकीत पाणी कोण भरणार होतं?"