काटा केलास का?

टेक्सासमध्ये डॅलसहून पालो ड्युरो कॅन्यनला निघालो होतो. पिकअपच्या मागे भाड्याचा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, गाडीत आम्ही पाच जण: आई, बाबा, बायको, लेक आणि मी. विचिटा फॉल्सच्या आसपास पेट्रोल भरायला थांबलो, तर शेजारच्या पंपावरचे एक टोपीवाले आजोबा आमच्या गाडीभोवती फिरायला लागले. त्यांनी वाकून मागचं चाक पाहिलं, मग पुढे जाऊन हेडलाईट पाहिले आणि मला म्हणाले, "तुझी गाडी मागून बसलीय. स्टेअरिंग हलकं लागतंय ना?"

लागत होतं. मोठा ट्रक शेजारून गेला की कॅम्पर डुलायचा, तेही मी वाऱ्याच्या माथी मारलं होतं.

मी म्हटलं, ही गाडी ११,००० पौंड ओढते आणि कॅम्पर भरून ७,५०० चा आहे. अजून साडेतीन हजार शिल्लक आहेत. ते काही बोलले नाहीत. ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरच्या स्टिकरवर त्यांनी बोट ठेवलं. माणसं आणि सामान मिळून १,४८० पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलं होतं. दोन वर्षं ते दार मी रोज उघडतोय. स्टिकर वाचलं नव्हतं.

पंपावरच हिशेब झाला. कॅम्परचा पुढचा भाग हिचच्या, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडणीच्या, गोळ्यावर टेकतो आणि कॅम्परच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पिकअपच्या पाठीवर येतो. त्याला इथे टंग वेट म्हणतात. आमचं ते साधारण ९५० पौंड. पाच माणसांचे ७०० धरले. पिकअपच्या मागच्या हौद्यात जनरेटर, बर्फाची पेटी, सायकली, लाकडं, असे ३००. बेरीज १,९५०. म्हणजे ४७० पौंड, दोनशे किलोच्या वर, जास्त. तरी ओढायच्या आकड्यात आम्ही आरामात बसत होतो.

इथे पिकअप विकत घेताना सगळी चर्चा ओढायच्या आकड्यावरच होते. मीही तेच केलं होतं. फोर्डची एफ-१५० १३,५०० पौंड, शेवरोलेची सिल्व्हराडो डिझेलमध्ये १३,३००, टोयोटाची टुंड्रा १२,०००, रॅम १५०० नव्या सहा सिलिंडर इंजिनवर ११,६१०. अशी वही करून मी महिनाभर तुलना केली. फोर्डने २०१५ च्या मॉडेलपासून बॉडी ॲल्युमिनियमची केली, शेवरोले हौदा पोलादाचाच ठेवते, रॅमला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, हे सगळं मला तोंडपाठ होतं. एका शोरूममधल्या विक्रेत्याने माझ्याशी तासभर याच आकड्यांवर गप्पा मारल्या. दारावरच्या स्टिकरचा विषय त्याने काढला नाही. मी विचारलाही नाही. तरी विकणाऱ्यानेच तो काढायला हवा होता असं मला आजही वाटतं.

हे आकडे खोटे नसतात, हेही सांगायला हवं. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने आकडा काढायची. मग ओढायचा आकडा सगळ्यांनी एकाच पद्धतीने काढावा म्हणून जे२८०७ नावाचं मानक आलं. टोयोटाने ते सर्वांत आधी, २०११ च्या टुंड्रापासून लावलं. फोर्ड, शेवरोले आणि रॅम या डेट्रॉईटच्या तिन्ही कंपन्या मागाहून आल्या. त्याच्या चाचणीत ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा साधारण १८ किलोमीटरचा चढ आहे. भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण सुरू ठेवून, ट्रेलर मागे लावून तो चढायचा आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. आपल्या घाटात गाडी तापली की एसी बंद करून बॉनेट उघडून उभं राहायचं, हेच मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे ही कसोटी वाचून मला या देशाचं खरंच कौतुक वाटलं होतं. फक्त त्या चाचणीत गाडीत दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. आई-बाबा आणि लेक त्या आकड्यात नसतात. शिवाय तो सर्वांत मोठा आकडा ज्या मॉडेलचा असतो, ते चामड्याच्या सीटा आणि काचेच्या छताचं मॉडेल नसतं. गाडीत जेवढी चैन वाढते, तेवढं स्टिकरवरचं वजन घटतं.

माझ्या डोक्यात हा टंग वेट कधी आलाच नाही, याचं कारण मला वाटतं आमच्या उसाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या बघत मी मोठा झालो. चार चाकांच्या ट्रॉलीचं ओझं तिच्याच चाकांवर असतं, ट्रॅक्टरने फक्त ओढायचं. इथल्या कॅम्परची चाकं मध्याच्या थोडी मागे असतात, त्यामुळे पुढचं ओझं ट्रकला पाठीवर घ्यावंच लागतं.

आणि पाठीवर घेण्याचाच विषय असेल, तर आपली बोलेरो पिकअप १.७ टन घेते. म्हणजे साधारण ३,७५० पौंड, माझ्या या आडमाप गाडीच्या अडीचपट. हे मी ऑफिसात सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. मला अभिमान वाटला, तो लपवत नाही. पण बोलेरोत पाच माणसं मांडीला मांडी न लावता बसून, दिवसाला सहाशे किलोमीटर, ताशी शंभरच्या वेगाने जात नाहीत. गावाकडून फोनवर दर वेळी विचारतात, "एवढं धूड कशाला घेतलंस?" खरं आहे, आठवड्याचे पाच दिवस ती मला एकट्याला ऑफिसला नेते. पण आई-बाबा वर्षाआड चार महिने येतात. त्यांना मोटेलच्या खोल्यांतून फिरवण्यापेक्षा आईला तिच्या हाताने चहा करता येईल अशी सोय मला हवी होती. मला ते पुरेसं वाटतं.

तर, पंपावर. आजोबांनी स्वतः हात लावला. कॅम्परची पाण्याची टाकी पुढच्या बाजूला होती, ती रिकामी केली. चाळीस गॅलन म्हणजे तीनशे पौंडांच्या वर. जनरेटर आणि पेटी कॅम्परच्या चाकांच्या बरोबर वर नेऊन बांधली. "फार मागे नको, पुढचा भार दहा टक्क्यांच्या खाली गेला तर कॅम्पर शेपटीसारखा हलेल," हे त्यांनी दोनदा बजावलं. सायकलीही आत गेल्या. लाकडं मी त्यांच्या ट्रकमध्ये टाकली. पैसे विचारले तर त्यांनी नुसता हात हलवला. शेवटी म्हणाले, "पुढच्या ट्रक स्टॉपवर वजन करून घे."

बाबा इतका वेळ बाजूला उभे होते. त्यांची उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. निघताना सकाळी हौदा भरत होतो तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काटा केलास का रे?" मी म्हटलं होतं, "बाबा, इथे ते लागत नाही."

ट्रक स्टॉपवर काटा होता. तीन पट्ट्या: एकीवर पुढची चाकं, दुसरीवर मागची, तिसरीवर कॅम्पर. स्लिप हातात आल्यावर मी वाचायच्या आत बाबांनी ती घेतली. चष्मा कपाळावर सरकवला, स्लिप डोळ्यांजवळ धरली आणि पहिले दोन आकडे तोंडानेच मिळवले. मग दार उघडून स्टिकरवरच्या, भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाच्या मर्यादेशी ताडून पाहिले.

"चाळीस पौंड कमी आहे," म्हणाले. "चल."

स्लिपची चौघडी घडी करून त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली.