जुनं करून द्या

हिंजवडीकडचा वन-बीएचके, कार्पेट एरिया चारशे चौरस फुटांच्या आत. नवरा-बायको दोघंही आयटीतले. फोनमध्ये वाड्यांचे ढीगभर फोटो, आणि “आम्हाला गावाकडचा फील हवाय.” आमच्या इंटिरियरच्या धंद्यातलं सगळ्यात महागडं वाक्य हेच.

पहिली मागणी कोनाड्यांची. वाड्याची भिंत हात-दीड हात जाड, कोनाडा तिच्या पोटात मावतो. ही बिल्डिंग मायवनची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेली. आतल्या भिंतीही जेमतेम सहा इंची, सळ्या घातलेल्या आणि भार पेलणाऱ्या. छिन्नी लावायची सोय नाही. (बिल्डर ब्रोशरवर स्विमिंग पूल छापतो, हे नाही छापत.) मग पुढे आठ इंचांची खोटी भिंत उभी केली. नऊ फूट लांबीला सहा चौरस फूट गेले. फुटाला दहा हजार धरले तरी तीन पणत्यांपायी साठ हजारांची जागा! वर चुन्याचा हात हवा, तर खाली नेहमीची पुट्टी चालत नाही, पापुद्रे सुटतात. हे पेंटरच्या गळी उतरवताना माझाच घसा बसला.

पण मनातून जात नाही ती दुसरी मागणी, फडताळाची, म्हणजे जुन्या घाटाच्या कपाटाची. जुन्या बाजारात एक पाहिलं होतं. टिचकी मारली तर भोकांतून पिवळं पीठ गळलं. घुण. घरात आणला की बाकीचं फर्निचरही सोडत नाही. म्हणून आमच्या सुतारमामांनी नव्या सागाचं केलं. सांध्यात एक खिळा नाही, दोन दारांच्या फटीतून पोस्टकार्ड जाणार नाही.

बाईंनी हात फिरवून पाहिला. “मस्तच झालंय. फक्त जरा जुनं करून द्या ना.”

म्हणजे तारेच्या ब्रशने रेघा ओढायच्या, कडा खायच्या, साखळीने ठोकायचं. मामा माझ्याकडे बघतच राहिले. “ताई, गुळगुळीत रंधा मारायला शिकताना बापाचा मार खाल्लाय मी.” तरी साखळी घेतली. घाव पडले ते सगळे एका रेषेत, सारख्या अंतरावर. हात ऐकेचना. बाई म्हणाल्या, “हे मशीनचं वाटतंय.”

शेवटी परवाच कामाला लागलेल्या पोराच्या हातात साखळी दिली. मामांच्या निम्मी हजेरी त्याची. चहा येईपर्यंत त्याने फडताळ शंभर वर्षांचं करून टाकलं. मामा तोवर बाहेर पॅसेजमध्ये हत्यारांना धार लावत बसले होते.

गृहप्रवेशाचे फोटो आले, खाली मेसेज: “फडताळ सगळ्यांना आवडलं, मामांना थँक्स सांगा.”

मी अजून सांगितलेलं नाही.