सहाने भागा: बाहुल्यांच्या सहल-फोटोंची नोंद, टप्पा तिसरा

आधीच्या दोन टप्प्यांत सगळा भर सामानावर होता. बाहुली प्रवासात सुखरूप कशी न्यायची आणि तशीच परत कशी आणायची, एवढंच. ते बऱ्यापैकी जमल्यावर खरा प्रश्न समोर आला: समुद्र, डोंगर, दगडी वाट असं सगळं मागे असूनही फोटोतली बाहुली 'कुणीतरी इथे ठेवली आहे' अशी का दिसते? कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. चुकतं ते माप.

ही नोंद मुख्यतः 1/6 मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या सहाव्या हिश्शाएवढ्या बाहुल्यांसाठी आहे: बार्बी, ब्लाइद, पुलिप, लहान बीजेडी (गोल सांध्यांच्या, बहुधा रेझिनच्या बाहुल्या), म्हणजे साधारण 26 ते 31 सेमी उंचीच्या. 58-60 सेमीची 1/3 बीजेडी असेल तर खाली जिथे सहा आहे तिथे तीन धरा, 1/4 असेल तर चार.

कॅमेऱ्याची उंची

मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 150 सेमीवर असतात. त्याला सहाने भागलं की 25 सेमी. लेन्सचं मधोमध जमिनीपासून 25 सेमीवर आलं की बाहुली माणसासारखी उभी दिसते. गुडघ्यावर बसून काढलेला फोटोसुद्धा 70-80 सेमीवरून, म्हणजे बाहुलीच्या हिशेबाने सव्वाचार ते पावणेपाच मीटरवरून घेतलेला असतो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पाहिल्यासारखा. बहुतेक फोटो इथेच फसतात. म्हणून मोठा ट्रायपॉड घरीच राहिला. त्याच्या जागी टेबलावर ठेवायचा छोटा ट्रायपॉड आणि एक बीन बॅग आली. बीन बॅग रिकामीच न्यायची आणि तिथे पोहोचल्यावर वाळू किंवा तांदूळ भरायचे. आत एक झिपची पिशवी घातली नाही तर शिवणीतून वाळू गळते आणि थेट कॅमेऱ्याच्या खोबणीत जाते.

स्क्रीन वर वळत नसेल तर फोन उलटा धरा, कॅमेरा खालच्या बाजूला येतो. उंची चटकन 10-12 सेमीने खाली येते आणि बसलेल्या बाहुलीसाठी तेवढी पुरते.

जमीन खोटं बोलत नाही

आता हाच हिशेब उलटा, सहाने गुणायचा. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण बाहुलीच्या पायाखाली 3 मिमीची खडी होतो. 4 मिमी रुंद गवताचं पातं अडीच सेमीची पट्टी होतं. 17 सेमीची साधी पायरी एक मीटरची भिंत होते. ती चढणारी बाहुली नेहमी खोटी वाटणार, पण त्याच पायरीला टेकून उभी केली तर छान वाटते. 45 सेमी उंच बाकावर बसवलेली बाहुली म्हणजे पावणेतीन मीटरच्या ओट्यावर बसलेला माणूस. बाक फोटोत ओळखू आला की खेळ संपला.

चालतं काय? शेवाळ, बारीक पानांची जमिनीलगतची रोपं, भेगा पडलेला खडक, जुन्या झाडाची मुळं. ज्याचं स्वतःचं ठरलेलं माप डोळ्याला माहीत नाही असं काहीही. खडकाची हाताएवढी भेगसुद्धा दरीसारखी दिसते. ओळखीची पानं, फुलं, बाटलीचं झाकण, कुंपणाची तार यांचं माप सगळ्यांना पाठ असतं. ती एकतर चौकटीबाहेर ठेवा नाहीतर मागे पुरती धूसर करा.

पाण्याचं वेगळं आहे. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो, बाहुलीसाठी तो लहान होत नाही. गालावरचा 4 मिमीचा थेंब म्हणजे मोठ्या द्राक्षाएवढा. त्यामुळे 'पावसात भिजलेली' बाहुली फवारा मारून साधत नाही. फवारा कपड्यांवर आणि मागच्या पानांवर चालतो, चेहऱ्यावर नाही. ओल्या वाळूवरचा पाण्याचा पातळ थर मात्र सुंदर वागतो, कारण त्यात थेंबच नसतात, फक्त प्रतिबिंब असतं.

एक मीटर आणि सहा मीटर

या टप्प्यातली सर्वांत आवडती गोष्ट ही. 1 मीटरवरची 29 सेमीची बाहुली, 6 मीटरवरच्या 174 सेमीच्या माणसाएवढीच दिसते. म्हणजे दार, कठडा, दिव्याचा खांब यांच्यासोबत ती खऱ्या मापात दिसायला हवी असेल, तर ती वस्तू कॅमेऱ्यापासून सहापट दूर हवी. बाहुली 80 सेमीवर असेल तर दार 4.8 मीटरवर.

उंचीही जुळवावी लागते. कॅमेरा 150 सेमीवर, बाहुलीची पावलं 125 सेमीवर. मग तिची पावलं आणि 6 मीटरवरची जमीन फोटोत एकाच रेषेत येतात, क्षितिजही तिच्या डोळ्यांतून जातं. मोठा ट्रायपॉड कामाचा असलाच तर इथे, आणि तोही कॅमेऱ्यासाठी नव्हे तर बाहुलीसाठी: वरच्या प्लेटवर 10 × 10 सेमीचा पातळ फळीचा तुकडा आणि त्यावर ती उभी. फळीची पुढची कड दिसू नये म्हणून फोटो घोट्याच्या जरा वर कापायचा किंवा ती लांब झग्याच्या घेरात लपवायची.

दोन गोष्टी हा प्रयोग बिघडवतात. पहिली सावली: बाहुलीची सावली मागच्या जमिनीवर पडत नाही आणि कडक उन्हात ते लगेच कळतं. ढगाळ हवा किंवा मोठ्या इमारतीची सावली निवडा. दुसरी फोकस. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 24 मिमी लेन्स, एफ-16 (लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा तितकं छिद्र लहान) आणि फोकस 1.2 मीटरवर ठेवला की साधारण 60 सेमीपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे मुख्य कॅमेऱ्याला हे आपोआपच साधतं. फोन महागड्या कॅमेऱ्याला सरळ हरवतो ती हीच जागा.

साध्या पोर्ट्रेटसाठी आकडे

फुल-फ्रेमवर 50 मिमी लेन्स, बाहुली 1 मीटरवर: एफ-1.8 ला स्पष्टतेची खोली (पुढून मागे जेवढा पट्टा स्पष्ट येतो तो) जेमतेम 4 सेमी, एफ-5.6 ला सुमारे 13 सेमी, एफ-8 ला सुमारे 18. चेहरा आणि केस धरून 5 सेमी लागतात, हात पुढे केला असेल तर 10 ते 12. म्हणून एफ-5.6 हा आता पायाचा आकडा ठरला आहे. एफ-1.8 वर चेहरा स्पष्ट आणि मागचे केस विरघळलेले येतात. शिवाय इतकी मऊ पार्श्वभूमी स्वतःच चुगली करते, कारण पूर्ण उंचीच्या माणसामागे ती इतकी धूसर आपण कधी पाहत नाही.

फोनवर 25-30 सेमीवरून चेहरा काढला तर कपाळ फुगतं. ब्लाइदचं डोकं मुळातच मोठं, तिचं तर फारच. दुप्पट झूम लावा किंवा 80 सेमी मागे जाऊन नंतर कापा. पोर्ट्रेट मोड सुटे केस आणि टोपीची कड खातो, तो बंद. जवळ गेल्यावर आपोआप सुरू होणारा मॅक्रोही बंद, कारण तो गुपचूप अतिरुंद लेन्सवर उडी मारतो.

शटर 1/250 सेकंदापेक्षा हळू नको. वाऱ्याने बाहुली हलत नसली तरी केस हलत असतात. फिकट रेझिनचा चेहरा गर्द झाडीसमोर फोटोत हमखास जळतो, म्हणजे नुसता पांढरा येतो, तिथे एक्स्पोजर 0.7 ते 1 ने कमी करा. पांढऱ्या वाळूवर उलट 0.7 वाढवा.

प्रकाश

ए-4 आकाराचं पांढरं कार्ड बाहुलीच्या हिशेबाने 126 × 178 सेमीचा रिफ्लेक्टर होतं. अख्खा स्टुडिओ एका वहीत मावतो! मधोमध दुमडलं की ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. छातीच्या पातळीवर, चौकटीच्या अगदी कडेला ठेवलं की हनुवटीखालची सावली उजळते आणि डोळ्यांत चमक येते. ॲक्रिलिक किंवा काचेचे डोळे खोबणीत खोल असतात आणि पापण्या त्यांवर सावली धरतात. खालून प्रकाश नसेल तर डोळे विझलेले दिसतात. आकाश उघडं असेल तर हनुवटी चार-पाच अंश वर करूनही काम भागतं.

भर उन्हात डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लागतोच. 25 सेमीच्या भरतकामाच्या रिंगमध्ये ताणलेला ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरं कापड पुरतं. झाडाखाली चेहऱ्यावर हिरवट झाक येते, ती नंतर काढत बसण्यापेक्षा त्याच जागी पांढऱ्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स घ्यावा. व्हिनाइलच्या कपाळावरची चकाकी पोलरायझरने (लेन्सवर फिरवायच्या फिल्टरने) कमी होते, पण तो पूर्ण फिरवला तर डोळ्यांतली चमकही जाते. अर्ध्यावर थांबा.

एकच सुटा केस इथे दोरीसारखा दिसतो, कारण बाहुलीचा केस सहापट बारीक नसतो. ओलसर बोट, मऊ मेकअप ब्रश आणि धूळ उडवायचा फुगा, हे तिन्ही खिशात ठेवा. फोटो झाल्यावर जागेवरच झूम करून चेहरा तपासा. धूळ संगणकावर पुसण्यात जो वेळ जातो, त्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

उभं राहणं

मागच्या नोंदीत हा प्रश्न अर्धवट राहिला होता. पारदर्शक स्टँड सपाट जमिनीवरच चालतो आणि उन्हात चमकतो. आता 2 मिमीची ॲल्युमिनियमची तार, लांबी 45 सेमी. वरचं टोक कंबरेभोवती बसेल असं यू आकारात वळवलेलं, उरलेली तार पाठीमागून पायामागे आणि तिथून 8 सेमी जमिनीत. उघडं ॲल्युमिनियम फिकट व्हिनाइलवर करडे ओरखडे सोडतं, म्हणून यू भागावर पांढरी सुती पट्टी गुंडाळायची. कोरड्या वाळूत तार धरत नाही. आधी मुठीएवढा भाग ओला करून दाबा. खडकावर पोस्टर चिकटवायची पुट्टी फक्त बुटाच्या तळाला लावा. गरम झाली की ती तेलकट होते आणि उघड्या पावलावर डाग पाडते.

बाहुली उभी करण्याआधी तिच्या जागी एक लिटरची पाण्याची बाटली ठेवा. उंची साधारण तेवढीच. चौकट, फोकस, प्रकाश सगळं बाटलीवर ठरवायचं, बाहुली शेवटी बाहेर काढायची. उन्हातला तिचा वेळ पाऊण तासावरून दहा मिनिटांवर येतो. आणि ती ज्या बाजूला पडू शकते तिथे, चौकटीबाहेर, घडी घातलेला टॉवेल असू द्या. रेझिनची बोटं आधी तुटतात.

काय बिघडतं

ऊन: पॉलियुरेथेन रेझिन अतिनील किरणांनी पिवळं पडतं आणि हा परिणाम साठत जातो. सावलीतही थोडा चालूच असतो. कपड्याखालचा भाग फिकट राहतो आणि कडा उमटतात. अतिनील किरण अडवणाऱ्या सीलरने (वरून फवारायच्या संरक्षक लेपाने) वेग कमी होतो, थांबत नाही.

उष्णता: बंद गाडीत बाहुली ठेवू नका, दहा मिनिटंही नाही. डोळे बसवायची पुट्टी मऊ होऊन डोळे सरकतात, सांधे आतून धरणारं इलॅस्टिक सैलावतं, व्हिनाइल चिकट होतं. उलट कडाक्याच्या थंडीत व्हिनाइल ताठरतं. तिथे गुडघा जोराने वाकवू नये, आधी हातात धरून ऊब द्यावी.

रंग: गडद निळा, काळा, लाल कपडा घाम नसतानाही व्हिनाइलवर उतरतो आणि दमट हवेत लवकर उतरतो. ओल्या पांढऱ्या कापसाने आतून दाबून पाहा, रंग आला तर तो कपडा नकोच. बाकी गडद कपड्यांखाली पांढरे पातळ मोजे किंवा बॉडीसूट, आणि शूट संपताच कपडे बदला. चुरगळलेल्या पानांचा रस आणि ओला पालापाचोळाही डाग देतो, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

वाळू: सांध्यात गेली की फिरवू नका. आधी फुग्याने उडवा, मग मऊ ब्रश, मग ओलसर कापड. तसाच सांधा फिरवला तर कण ओरखडत जातात. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याच्या कापडाने पुसणं सक्तीचं समजा, आतले लोखंडी हूक गंजतात. मेलामाइन स्पंज चेहऱ्याजवळ आणू नका, तो घासून काढतो आणि फेस-अपही (चेहऱ्यावरचं रंगकाम) नेतो.

सध्याचं पॅकिंग

विग वेगळा, जाळीत. चेहऱ्यावर फेस गार्ड, नसेल तर न रंगवलेलं मऊ सुती कापड. बूट काढलेले, कारण मऊ प्लास्टिकचे बूट आणि व्हिनाइलचे पाय एकमेकांना चिकटून खुणा पाडतात. हात स्वतंत्र टिश्यूत. विमानात बाहुली आणि पॉवर बँक दोन्ही केबिन बॅगेत, सीलरचा स्प्रे घरीच. दुरुस्तीसाठी जादा इलॅस्टिक, एक एस-हूक, लांब चिमटा, कापसाच्या काड्या. एवढ्यात बहुतेक प्रसंग निभावतात.

चौथ्या टप्प्यासाठी दोन कामं बाकी आहेत. एक, 6 मीटरच्या मांडणीत कृत्रिम सावली: फळीचा मागचा भाग जमिनीच्या रंगाचा ठेवून सावली तिच्यावरच पाडता येते का ते पाहायचं. दुसरं, 1/3 बीजेडीसाठी तार. दीड-दोन किलो वजनाला 2 मिमी वाकते. 3 मिमीची तार, जमिनीत 15 सेमी आणि कंबरेऐवजी काखेखाली आधार, असा आराखडा तयार आहे.